वाचकांचे प्रश्न : आपत्तीचा निधी आणि स्थानिक तयारी

प्रश्न : आपत्ती व्यवस्थापन ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी मानली जाते, पण पैसा मुख्यतः राष्ट्रीय सरकारकडून येतो. मग तयारी कशाची करायची, हे नेमके कोण ठरवते?

उत्तर : कागदोपत्री स्थानिक प्रशासन ठरवते, व्यवहारात बऱ्याच अंशी निधीचे निकष ठरवतात. भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार आराखडा जिल्हा प्राधिकरणाने करायचा असतो. मात्र राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा सर्वसाधारणपणे ७५ टक्के, तर ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी ९० टक्के असतो आणि तो कोणत्या आपत्तींवर खर्च करायचा याची यादी केंद्राची असते. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्याला निधीच्या १० टक्क्यांपर्यंतच रक्कम वापरता येते. साहजिकच, यादीत बसणाऱ्या नुकसानीचे पंचनामे ठरल्या दराने पुढे सरकतात आणि न बसणाऱ्या संकटासाठी आधी तरतूद शोधावी लागते.

अमेरिकेतही हेच दिसले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संघीय अनुदानांचा भर दहशतवादविरोधी तयारीकडे झुकला, स्थानिक यंत्रणांची खरेदी व प्रशिक्षणही तिकडे वळले आणि २००५ मध्ये कॅटरिना वादळ आल्यावर नैसर्गिक आपत्तींकडे झालेल्या दुर्लक्षावर कडक टीका झाली. धोके बदलले नव्हते, अनुदानाचे शीर्षक बदलले होते.

दुसरा मुद्दा वेळेचा. मदतीचा पैसा आपत्तीनंतर येतो, पूर्वतयारीचा हात आखडता राहतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी सौम्यीकरणाकरिता, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करण्याच्या कामांकरिता, राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के रक्कम वेगळी काढली, ही सुधारणा खरीच. तरीही पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी एकूण रकमेतील १० टक्केच ठेवले गेले.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब आवर्ती, म्हणजे दरवर्षी होणाऱ्या, खर्चाची आहे. बचाव नौका एकरकमी अनुदानातून घेता येते आणि पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत जाते. पण तिच्या इंजिनाची देखभाल, इंधन आणि ती चालवणाऱ्याचे मानधन यांसाठी स्थानिक अंदाजपत्रकातच तरतूद लागते. शिवाय अनुदानाला स्वहिस्स्याची अट असेल, तर सधन नगरपालिका तो भरून मोकळी होते आणि ज्या गरीब वस्तीला धोका अधिक, तिच्या यंत्रणेला अर्जच करता येत नाही. म्हणून आपल्या भागाचा आराखडा वाचताना साधनांच्या यादीबरोबर त्यांच्या देखभालीचे लेखाशीर्षही (अंदाजपत्रकातील खर्चाची नोंद) पाहावे आणि ते नसेल, तर अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वीच लोकप्रतिनिधींना त्याबाबत लेखी विचारावे.