सफरचंदाचा मसालेदार क्रम्बल पाय वरून छान भाजला जातो, पण तळ ओलाच राहतो. पारी आधी भाजून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की वरचा चुरा तांबूस झाला होता, घरभर दालचिनीचा वास सुटला होता आणि सुरी घातल्यावर खाली ओला लगदा निघाला. माझं हे तीनदा झालंय. पहिल्या वेळी तर तुकडा ताटलीत ठेवेपर्यंत त्याचा रस्सा झाला, तो आम्ही वाट्यांत घेऊन चमच्याने खाल्ला. चव झकास होती, पण त्याला पाय म्हणायला जीभ रेटेना.

पारी आधी भाजायची की नाही ते पुढे सांगते, कारण खरा घोळ सारणात आहे. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं. साखर लागली, आच लागली की त्यातलं बरंचसं सुटतं आणि कच्च्या पारीवर जाऊन बसतं. पारी तिथे भाजली न जाता उकडते. म्हणून फळाचं पाणी ओव्हनमध्ये सुटायची वाट न बघता आधीच काढून घ्यायचं.

मी २३ सेंटीमीटरच्या साच्यासाठी सोलून, बिया काढून एक किलो फोडी घेते, अर्धा सेंटीमीटर जाडीच्या. फळ कडक आणि आंबटसर हवं. ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तम, त्यात एखाददुसरं गोड सफरचंद चालतं. पिठूळ सफरचंदांचा ओव्हनमध्ये सॉस होतो, मग काहीही करा. फोडींना १०० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि मसाला चोळायचा, चाळणीत ओतायचं, खाली पातेलं ठेवायचं आणि तासभर विसरून जायचं. तासाने पातेल्यात अर्धा कपभर तपकिरी रस जमलेला असतो. एरवी हा सगळा तुमच्या पारीत मुरला असता! तो फेकू नका, सगळी चव त्यातच उतरलेली असते. दोन मोठे चमचे लोणी घालून तो काकवीसारखा होईपर्यंत आटवा. फोडींना दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोर लावून घ्या आणि वरून हा पाक ओता. गार फोडींवर पडून तो कुठे कुठे कडक होतो, तारा सुटतात. घाबरायचं कारण नाही, ओव्हनमध्ये विरघळतो.

मसाल्याचं म्हणाल तर दीड छोटा चमचा दालचिनी, अर्धा सुंठ, पाव जायफळ आणि लवंगेची फक्त चिमूट. एकदा मी उत्साहाच्या भरात लवंग अर्धा चमचा घातली. घास तोंडात गेला आणि जीभ बधिर झाली, थेट दातदुखीच्या औषधाची आठवण. जायफळ मात्र आयत्या वेळी किसा, आधी दळून ठेवलेल्याचा वास उडालेला असतो.

पारीला फार वेळ देत नाही. १७५ ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम फ्रिजमधलं घट्ट लोणी, अर्धा छोटा चमचा मीठ, तीन-चार मोठे चमचे बर्फाचं पाणी. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहिले पाहिजेत, तेच वितळून पापुद्रे सुटतात. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तासभर फ्रिजमध्ये, मग लाटून साच्यात, मग पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. ही दुसरी विश्रांती टाळली की कडा आकसून खाली घसरतात.

आता चुरा, माझा आवडता भाग. जर्मन लोक अशा चुऱ्याला श्ट्रॉयझेल म्हणतात. शब्द ‘भुरभुरणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, पण नुसता भुरभुरण्याइतका बारीक चुरा केला की फसलंच. बारीक भुगा खालची वाफ पिऊन घेतो आणि त्याची ओली वाळू होते. १२५ ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम ब्राउन शुगर, ४० ग्रॅम ओट्स, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी एकत्र करा, त्यात ८५ ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळा. मग मूठभर घेऊन घट्ट आवळा, मूठ उघडा आणि तो गोळा दोन-तीन ठिकाणी मोडा. काही ढेकळं सुपारीएवढी, काही हरभऱ्याएवढी, मधे थोडा भुगा, असं ओबडधोबडच हवं. वापरेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा.

भाजताना ओव्हन २०० अंशांवर तापवा आणि त्यासोबत सर्वांत खालच्या कप्प्यात एक जाड ट्रेही तापू द्या. पाय त्या ट्रेवर ठेवायचा, म्हणजे तळाला लगेच चटका बसतो. मी पहिली २५ मिनिटं वर फॉइल झाकून नुसतं सारणच भाजते, मग फॉइल काढून चुरा पसरते आणि १८० अंशांवर आणखी ३५ ते ४० मिनिटं ठेवते. त्यामुळे चुऱ्याला खाली पुरेशी गरम जागा मिळते आणि तो करपतही नाही. तरी रंग आधीच गडद होऊ लागला तर फॉइल पुन्हा सैलसर टाका.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका, तिथेच तुम्ही फसला असाल. चुऱ्याच्या फटींतून बुडबुडे बघा. आधी ते पातळ आणि चटचट फुटणारे असतात. मग सावकाश फुगून ‘फप्’ करून फुटू लागतात आणि फुटल्याजागी चकचकीत वळ राहतो. कडेला हे लवकर दिसतं, मध्यभागी दिसलं की बाहेर काढायचं. कॉर्नफ्लोर नीट शिजायला ९०-९५ अंशांची उष्णता लागते आणि मधला भाग तिथे सगळ्यांत शेवटी पोचतो.

आता तुमचा प्रश्न. पातळ धातूचा साचा असेल आणि रस आधी काढला असेल, तर पारी वेगळी भाजायची गरज मला पडलेली नाही. काचेच्या साच्यात भाजून घ्या: आत बेकिंग पेपर आणि त्यावर कोरडे राजमे किंवा तांदूळ, २०० अंशांवर १५ मिनिटं, मग वजन काढून आणखी पाच-सात. पण काचेचा साचा फ्रिजमधून काढून थेट तापल्या ट्रेवर ठेवू नका, तडकतो.

शेवटचे तीन तास सर्वांत अवघड. गरम पाय कापला की सारण वाहणारच, कारण ते थंड होतानाच घट्ट धरतं. मी तो उंच जाळीवर ठेवते आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाते.

हेच प्लम, पेअर किंवा पीचचंही करता येतं. बेरींना मात्र कॉर्नफ्लोर तीन-साडेतीन चमचे लागेल, त्या फारच पाणी सोडतात. उरलेला पाय दुसऱ्या दिवशी १६० अंशांवर १५ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये टाकलात तर चुरा मऊ पडेल.