डोळे मिटले की धडधड वाढते

"ताई, ध्यानाला बसलं की मन शांत व्हायला हवं ना? माझी तर छाती धडधडायला लागते. विचारांची रीघ लागते. चाळीस मिनिटं कशीबशी काढते आणि उठते तेव्हा आधीपेक्षा जास्त दमलेली असते. या वयात मला हे जमणारच नाही का?"

काकूंचं वय ७१. दोन वर्षांपूर्वी काकांना पक्षाघात झाला, तेव्हापासून त्यांचं उठणं-बसणं, औषधं, रात्रीचं बघणं सगळं काकूंकडे. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.) झोप तुटक, मान आणि खांदे सतत आखडलेले, लहानसहान गोष्टीवर चिडचिड. कुणीतरी फोनवर ध्यानाचं रेकॉर्डिंग दिलं. जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून, श्वास आठ आकडे रोखून धरायचा, असं ते सांगणारं. महिनाभर त्यांनी ते नेटाने केलं.

हा प्रश्न ज्येष्ठांकडून वारंवार येतो आणि त्यामागे बहुतेक वेळा एक अपराधी भावना असते: 'बाकीच्यांना जमतं, दोष माझ्यातच आहे.' दोष नसतो. सैल होताना काही जणांची धास्ती उलट वाढते, हे मानसशास्त्राला चांगलं माहीत आहे. पण तिथे पोहोचण्याआधी शरीराची तपासणी हवी. धडधडीला थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा दम्याचा पंप हीसुद्धा कारणं असू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि घाम, थरथर, धडधड एकदम आली तर आधी साखर मोजायची. ७०च्या खाली असेल तर तो ताण नव्हे, साखर उतरली आहे, आणि लगेच गोड घ्यायला हवं. काकूंच्या तपासण्या ठीक आल्या. फक्त बीपीची गोळी होती, ती तशीच चालू ठेवली. ध्यान सुरू केलं म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने कमी करणं ही मोठी चूक आहे.

मग एकच गोष्ट नीट विचारली: धडधड नेमकी कधी सुरू होते? काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. "त्यातली बाई म्हणते ना, 'आता सगळं सोडून द्या', तेव्हा." सोडून दिलं तर काय होईल? "यांनी हाक मारली आणि मला ऐकूच आली नाही तर?" काका एकदा रात्री न्हाणीघरात पडले होते. काकूंना तेव्हा गाढ झोप लागली होती.

इथे गाठ सापडली. काकूंचं शरीर दोन वर्षं पहाऱ्यावर होतं. कान सतत पलीकडच्या खोलीकडे. अशा माणसाला डोळे मिटून 'सगळं सोडा' सांगणं म्हणजे पहारेकऱ्याला जागा सोडून जायला सांगणं. शरीर घाबरणारच. म्हणून पहिला उपाय ध्यानाचा नव्हताच. दुपारी पंधरा मिनिटं काकांजवळ मुलगी बसेल आणि त्यांच्या हाताशी एक घंटी राहील, एवढंच ठरलं. ही व्यवस्था झाल्याशिवाय श्वासाचा एकही व्यायाम सांगितला नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. जमिनीऐवजी पाठ आणि हात असलेली खुर्ची, दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले. डोळे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे सैल सोडलेली. श्वास रोखायचा अजिबात नाही. बीपी, हृदयविकार किंवा काचबिंदू असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावणं टाळावंच. नाकाने तीन आकड्यांत सहज आत, ओठ किंचित आवळून पाच आकड्यांत हळू बाहेर. असे दहा श्वास, दिवसातून दोनदा. पहिला आठवडा फक्त एवढंच.

'खोल श्वास घ्या' हे शब्द इथे मुद्दाम वापरले नाहीत. घाबरलेला माणूस खोल म्हटलं की भराभरा मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, डोकं हलकं असं होऊ लागतं. त्याने भीती आणखी वाढते. काकूंच्या त्या महिन्यातला निम्मा त्रास बहुधा याचाच होता. मुंग्या आल्या तर मोजणं सोडून द्यावं, तोंड मिटून नेहमीसारखा श्वास घ्यावा; थोड्या वेळात ओसरतं. लांबवायचा असतो तो बाहेर जाणारा श्वास, कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप थोडा मंदावतो.

दुसऱ्या आठवड्यापासून स्नायू सैल करण्याची पद्धत घेतली. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी तिच्यावर १९२९मध्ये पुस्तक लिहिलं. स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, आणि सुटतानाचा फरक ओळखायचा. ज्याला 'सैल हो' म्हटलं तरी सैल म्हणजे काय तेच आठवत नाही, त्याच्यासाठी ही फार उपयोगी. पण तरुणांसाठीच्या सूचना ज्येष्ठांना जशाच्या तशा देऊ नयेत. आवळताना ताकद एक तृतीयांशच लावायची, पाच सेकंद. सोडल्यावर पंधरा ते वीस सेकंद थांबायचं. घाई होते ती नेमकी इथेच, आणि खरं काम तर सोडल्यानंतरच्या वेळातच होत असतं. आधी मुठी, मग कोपरात वाकवलेले हात, मग खांदे कानांकडे उचलून खाली सोडायचे. मान मागे दाबायची नाही. मानेच्या मणक्यांची झीज असेल तर चक्कर येऊ शकते. पायाची बोटं खाली ताणली की पोटरीत गोळा येतो, म्हणून बोटं वर, नडगीकडे ओढायची. आवळताना श्वास चालू ठेवायचा. दुखरा सांधा आवळायचा नाही, तिथे फक्त लक्ष न्यायचं आणि सैल सोडायचं. काकूंचा उजवा गुडघा असाच वगळला.

उठताना घाई नको. बोटं, घोटे हलवावेत, मिनिटभर बसून राहावं, खुर्चीच्या हाताला धरून उभं राहावं आणि डोकं स्थिर वाटल्यावरच पाऊल टाकावं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब उभं राहताना एकदम उतरू शकतो, आणि या वयात पडणं परवडत नाही.

तिसऱ्या आठवड्यात खांदे सोडता सोडता काकू अचानक रडू लागल्या आणि घाबरून फोन केला. पूर्वीचे काका आठवले होते. आवळून धरलेल्या शरीराबरोबर दुःखही धरून ठेवलेलं असतं. ते वर आलं म्हणजे काही बिघडलं असं नाही. त्या दिवशी व्यायाम थांबवून त्याच विषयावर बोललो. मात्र दोन आठवडे मन सतत खिन्न, कशातच रस नाही, जेवण तुटलं, जगणं नको वाटतं, असं असेल तर श्वासावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर थेट रुग्णालयात.

चौथ्या आठवड्यात एक शब्द जोडला: श्वास सोडताना मनात 'असू दे'. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच: एक शब्द पुन्हा पुन्हा, आणि विचार आला तर त्याच्याशी न भांडता परत शब्दाकडे. काकूंना सर्वांत मोठा दिलासा मिळाला तो इथे. विचार येणं म्हणजे ध्यान मोडणं, असं त्या समजत होत्या.

आठव्या आठवड्यात त्या बारा मिनिटं बसत होत्या, डोळे अजूनही उघडेच. वहीत बसण्याआधी आणि नंतर शून्य ते दहात ताण लिहीत. बहुतेक दिवशी सातचा चार होई, काही दिवशी सातचा सातच राही. रात्रीची जाग कमी झाली नव्हती, पण जाग आल्यावर जबडा आणि खांदे सोडून परत झोप लागू लागली होती. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, यांनाही शिकवू का? श्वास जरूर. आवळण्या-सोडण्याचा भाग मात्र फक्त चांगल्या बाजूचा. पक्षाघाताच्या बाजूचे स्नायू अनेकदा आधीच कडक असतात, जोर लावला की ते आणखी आखडू शकतात. त्या हाताला नुसता उशीचा आधार द्यायचा, आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच पुढचं काही करायचं.