वाचकांचे प्रश्न : लाव्यांचं खाद्य सांडतंय कुठे?

या वेळी आलेल्या पत्रांत लाव्यांच्या, म्हणजे बटेरांच्या, खाद्याच्या नासाडीबद्दल बरेच प्रश्न आहेत. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. सगळी चर्चा जपानी लाव्याची आहे. हा पक्षी 1974 साली उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला संशोधनासाठी भारतात आणला गेला आणि आज हॅचरीतून मिळतो तो हाच. रानातले लावे पकडणं किंवा पाळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : खोलीत भाताच्या तुसावर 40 लावे सोडले आहेत. खाद्य स्टीलच्या ताटल्यांत देतो. अर्धं खाद्य तुसात जातं. विकतचे फीडर कोंबड्यांच्या मापाचे आणि महाग आहेत. घरच्या घरी काय करता येईल? (सातारा जिल्हा)

लावा नुसतं टिपून खात नाही. चोच खाद्यात घालून डावीकडे-उजवीकडे झटका देतो, वरचा भुगा उडवतो आणि खालचा मक्याचा जाड कण उचलतो. ताटली उघडी असली की तो आतच जाऊन बसतो आणि धूळस्नान उरकतो. त्यामुळे भांडं कसलंही असलं तरी दोनच गोष्टी पाहायच्या: मान आडवी फिरवायला त्याला जागा मिळते का, आणि खाद्य काठापासून किती खाली आहे.

साधारण 35 × 25 सेंमी तळाचा, किमान 15 सेंमी उंच, झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा घ्या. पारदर्शक, कडक प्लास्टिक भोक पाडताना तडकतं. दुधी, जरा लवचीक प्लास्टिक बरं. रंगाचे, औषधांचे, कीटकनाशकांचे डबे कितीही धुतले तरी नकोत.

भोकं 38 मिमीची, म्हणजे दीड इंचाची. ड्रिलला लावायचा तेवढ्या मापाचा होल सॉ सुताराकडे किंवा प्लंबरकडे असतो, तासाभरासाठी मागून आणा. भोकाचा मध्य तळापासून 7 सेंमीवर. लांब बाजूंना चार-चार, आखूड बाजूंना दोन-दोन, अशी एकूण बारा. दोन भोकांच्या मध्यांत किमान 8 सेंमी अंतर ठेवा, नाहीतर शेजारशेजारचे पक्षी एकमेकांना ढकलतात. सगळे पक्षी एका वेळी खात नसल्यामुळे तीन-चार पक्ष्यांना एक भोक पुरतं. कडा कानशीनं घासून वर पॉलिश पेपर मारा आणि बोट फिरवून बघा. बोटाला जे खुपतं ते मानेलाही खुपतं. पुढे मानेची पिसं झिजलेली दिसली तर पहिला संशय भोकाच्या कडेवर घ्या.

आता डब्याच्या मधल्या भागाचं. पक्ष्याची चोच भोकातून आत पाच-सहा सेंमी पोचते. त्यापलीकडचं खाद्य तसंच पडून राहतं, जुनं होतं, त्यात पोरकिडे धरतात. मध्ये काहीतरी ठेवून ती जागा भरायची. नेहमीची भाजकी वीट (सुमारे 23 × 10 सेंमी) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, टेप लावून तळाच्या मधोमध ठेवली की चारी बाजूंना सहा-साडेसात सेंमीचा पट्टा उरतो. शिवाय डबा जड होतो, पक्षी ढकलत नाहीत. उघडी वीट ठेवू नका, ती ओल धरते आणि खाद्यात माती मिसळते.

या पट्ट्यात 3 सेंमी थर भरला की सुमारे एक किलो भरड खाद्य मावतं. मोठा पक्षी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम खातो, म्हणजे 40 पक्ष्यांना एक किलोपर्यंत. थोडक्यात, एका दिवसाचं खाद्य आणि भोकाच्या खाली दोन सेंमी मोकळी भिंत. ही दोन सेंमी सर्वांत महत्त्वाची. दोन दिवसांचं एकदम भरलं तर खाद्य भोकाच्या काठाला टेकेल आणि बारा भोकांतून बाहेर येईल. मग डबा वाईट ठरतो आणि लोक पुन्हा ताटलीवर येतात.

डबा थेट तुसावर ठेवू नका. पक्षी तूस उकरून भोकापर्यंत आणतात. खाली डब्यापेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठा प्लायचा तुकडा ठेवा. सांडलेलं त्यावर दिसतं आणि गोळाही करता येतं. धूळस्नानासाठी वेगळ्या कोपऱ्यात कोरड्या वाळूचं घमेलं द्या. ते नसेल तर खाद्यातच लोळायची खटपट चालू राहते.

महिन्याच्या आतल्या पक्ष्यांना हा डबा नको. दीड इंचाच्या भोकातून लहान पिल्लू अख्खं आत जातं आणि बाहेर येऊ शकत नाही.

प्रश्न : चार मजली पिंजरा आहे, चार फूट रुंद, प्रत्येक मजल्यावर 50 माद्या. 75 मिमीचा पीव्हीसी पाइप मधोमध चिरून दोन पन्हळी केल्या आणि बाहेरून टांगल्या. पाइप वाचला, पण खाद्य सांडायचं काही थांबेना. (सांगली जिल्हा)

मधोमध चिरलात, तिथेच काठ गेला. अर्ध्या पाइपची भिंत वर सरळ उभी राहते, आत वळत नाही. झटक्यानं उडालेलं खाद्य त्या भिंतीवरून बाहेर जातं. पाइपचा फक्त चौथा भाग काढा, तीन चतुर्थांश ठेवा. मग दोन्ही काठ आपोआप आत झुकलेले राहतात.

75 मिमी पाइपचा घेर साधारण 236 मिमी, त्याचा चौथा भाग 59 मिमी. शिवणकामाची टेप पाइपवर गुंडाळून 59 मिमी अंतरावर दोन खुणा करा आणि त्या लांबीभर वाढवा. सरळ रेघ मारायला पाइप दाराच्या चौकटीच्या खाचेत दाबून धरला तर हलत नाही. कापताना दोन्ही टोकांना पाच-पाच सेंमी अखंड सोडा आणि मध्ये दर 40 सेंमीला तीन सेंमीचा पूल ठेवा. पूर्ण चिरलेला पाइप स्वतःच्या ताणानं मिटतो किंवा वाकडा होतो, मग टोकाला कॅप बसत नाही. कॅप फक्त दाबून बसवा, सोल्यूशन लावू नका. धुण्यासाठी काढावी लागते. पीव्हीसीला तापलेल्या सळईनं भोकं पाडायच्या फंदात पडू नका, त्याचा धूर छातीला घातक असतो.

बसवताना पाइपचा तळ पिंजऱ्याच्या तळाशी समपातळीत घ्या आणि खाच सरळ वर न ठेवता थोडी, अंदाजे 20 अंश, पक्ष्यांकडे फिरवा. आतली कड पाच सेंमीच्या आसपास येते आणि पक्ष्याला सोपी पडते. बाहेरची कड सात सेंमीवर जाऊन पाइपवर दोन सेंमी छपरासारखी येते. उडालेलं खाद्य तिला आपटून परत पाइपात पडतं. दोन क्लॅम्प किंवा जीआय तारेनं पक्कं करा, नाहीतर रोजच्या धक्क्यानं खाच फिरत राहते. अंडी पुढे घरंगळणारा पिंजरा असेल तर मात्र पाइप तळाला टेकवता येणार नाही. तिथे अंड्यांची बाजू आणि खाद्याची बाजू वेगळी करणं उत्तम.

पिंजऱ्याच्या पुढच्या जाळीकडेही बघा. उभ्या गजांत 25 ते 28 मिमी फट हवी. 1 × 2 इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) असेल तर दोन इंचाची बाजू उभी ठेवा. डोकं जातं, पण मान आडवी फिरत नाही, म्हणजे निम्मं काम जाळीच करते. डोकं जायला त्रास होतो म्हणून काहीजण एकाआड एक तार कापतात; मग फट दोन इंच होते आणि पक्षीच बाहेर येतो.

जागेचा हिशेब तुमच्याकडे जेमतेम बसतो. मोठ्या पक्ष्याला अडीच सेंमी काठ धरतात; तुमच्या 122 सेंमीत 50 पक्षी म्हणजे 2.4. त्यामुळे खाद्य भरायची वेळ चुकवू नका. सकाळी आणि दुपारी उशिरा, दोनदा भरा, दर वेळी पाइपच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच. एकदाच काठोकाठ भरल्यानं वेळ वाचतो हे खरं, पण वाचलेला वेळ आणि खालच्या ट्रेमधलं खाद्य दोन्ही जमेस धरून बघा.

अंड्यावरच्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा खाद्यात वरून मिसळू नका. तो तळाला जातो आणि त्याच्यासाठी सगळं उकरलं जातं. वेगळ्या वाटीत द्या.

प्रश्न : बादलीला 75 मिमीचे एल्बो (पाइपचे काटकोनी जोड) बसवून फीडर केला. पावसाळ्यात खाद्य आत अडकतं, बाहेर येत नाही. कधी कधी पक्षी एल्बोत जाऊन बसतो. (रत्नागिरी जिल्हा)

हा फीडर कोंबडीसाठी उत्तम आहे, लाव्याच्या मापाला बसत नाही. 75 मिमीच्या तोंडातून अख्खा लावा आत जातो. एल्बो काढून टाका. त्या भोकांवर आतून प्लास्टिकची चकती रिव्हेट करा, चकतीत 38 मिमीचं भोक. मूळ भोकं उंचावर असतील तर बादलीच बदललेली परवडेल.

अडकण्याचं कारण दमट हवा. बारीक भरडीत कोंडा जास्त असला की ती ओल ओढते, कण एकमेकांना धरतात आणि पाइपच्या भिंतींना टेकून आतल्या आत कमान तयार होते. वर खाद्य, खाली पोकळी, आणि पक्षी उपाशी. वरून टपली मारली की कमान कोसळते आणि एकदम लोट बाहेर येतो, म्हणजे दुसरी नासाडी. कोकणात जून ते सप्टेंबर उभ्या पाइपात खाद्य साठवायचंच नाही, रोजच्या रोज भरायचं. शक्य असेल तर भरडीऐवजी क्रंब, म्हणजे गोळी करून मग फोडलेलं खाद्य, घ्या. ते कमी अडकतं आणि त्यात निवडानिवड करता येत नाही, त्यामुळे उडवाउडवीही कमी होते.

गोळा झालेलं, कुबट वास येणारं खाद्य उन्हात वाळवून परत वापरतात, ते कृपा करून करू नका. ऊन बुरशीला वाळवतं, पण तिनं खाद्यात सोडलेलं विष जात नाही. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

प्रश्न : पिल्लांसाठी काय? ट्रेमध्ये खाद्य दिलं की ती त्यातच चालतात, विष्ठा करतात. (बीड जिल्हा)

पहिले तीन दिवस त्यांना चालू द्या. आठ-नऊ ग्रॅमच्या पिल्लाला खाद्य पायाखाली सापडलं पाहिजे, नासाडीचा विचार नंतर. फक्त अंथरायला गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा खरखरीत कागद घ्या.

चौथ्या दिवसापासून दोन सेंमी उंच काठाचा ट्रे, त्यात एक सेंमी खाद्य, आणि खाद्यावर अर्ध्या इंची वेल्डमेशचा तुकडा. हा तुकडा ट्रेपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा सेंमी लहान कापा, म्हणजे खाद्य कमी होईल तसा तो खाली उतरत जातो. चोच चौकोनातून खाली जाते, पण आडवा झटका तारेला अडतो. कापलेल्या तारांची टोकं खाली वाकवून कानशीनं घासा. जाळी काठावर अडकून अधांतरी राहिली तर खाली पोकळी होते आणि त्यात पाय किंवा डोकं अडकू शकतं, म्हणून माप नीट घ्या. हीच युक्ती मोठ्या पक्ष्यांच्या उघड्या पन्हळीतही चालते.

खाद्याचे कण जाड असतील तर मिक्सरला एक-दोन वेळा फिरवून घ्या, पीठ करू नका. पीठ ओल्या चोचीला चिकटतं आणि पाण्यात जातं. पाण्याच्या भांड्यात खडे किंवा गोट्या हव्यातच, नाहीतर पिल्लं बुडतात. ते भांडं खाद्यापासून फूटभर तरी लांब ठेवा.

प्रश्न : गच्चीत चारच लावे आहेत. एवढ्यासाठी काय बनवायचं? आणि मुंग्या फार येतात. (पुणे)

चार पक्ष्यांना दिवसाला 80 ते 100 ग्रॅम. अर्धा-एक लिटरचा झाकणाचा डबा, त्याला 38 मिमीची दोन भोकं, मध्ये वाळू भरून झाकण लावलेली छोटी बरणी. श्रीखंडाचे पातळ डबे लवकर चिरतात, पण फुकट मिळतात, तेव्हा चिरला की बदला.

मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पिंजरा भिंतीला टेकलेला नाही ना ते बघा. त्या तिथूनच चढतात. मुंग्या मारायचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याजवळ नको, लावे जमिनीवरचं सगळं टिपतात.

तुमच्याकडे पक्षी थोडे आहेत, तेव्हा नासाडी मोजणंही सोपं आहे. तीन दिवस डब्याखाली ताट ठेवा, सांडलेलं रोज पिठाच्या चाळणीनं चाळून विष्ठा वेगळी करा आणि वजन करा. चाळणीतून खाली जास्त भुगा पडला आणि वर जाड कण कमी उरले, तर पक्षी निवडून खातायत, खाद्य बदला. दोन्ही सारख्या प्रमाणात असतील तर डबा जास्त भरला जातोय.