उणे १८ अंश बरोबर आहे, आता वातावरण घाला

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एक्सेलमध्ये पृथ्वीच्या सरासरी तापमानाचं मॉडेल केलं. उत्तर उणे १८ अंश येतं. कुठं चुकलं? यातूनच पुढे महाबळेश्वर आणि माण तालुक्याच्या पावसाचा अंदाज काढता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : चुकलेलं काही नाही. दर चौरस मीटरला १३६१ वॉट ऊन, त्यातलं ३० टक्के परावर्तित, उरलेल्याला भागिले ४. यातून २५५ केल्विनच, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस येतात. पृथ्वी ऊन अडवते वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळावर, उष्णता सोडते मात्र सगळ्या गोलावरून, म्हणून चारने भागायचं. ते विसरलं की उत्तर थेट ८७ अंश सेल्सिअस येतं.

तुमच्या मॉडेलमध्ये वातावरणच नाही. त्याचा एक थर घाला आणि जमिनीकडून निघणाऱ्या उष्णतेच्या शोषणाचं प्रमाण ०.७७ धरा. बाहेर जाणाऱ्या उष्णतेला (१ − ०.७७/२), म्हणजे ०.६१५ ने गुणलं की २८८ केल्विन, अर्थात १५ अंश मिळतात. ०.७७ हा आकडा उत्तर जुळावं म्हणूनच निवडलेला आहे. प्रकल्पात हे स्पष्ट लिहा. जुळलेल्या उत्तरानं मॉडेल सिद्ध होत नाही.

आता काळ आणा. नवं तापमान = जुनं तापमान + (येणारी उष्णता − जाणारी उष्णता) × कालावधी ÷ उष्णताधारकता. कालावधी सेकंदांतच हवा. बहुतेकांची गाडी इथंच अडते. नुसत्या हवेची धारकता (दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे १ कोटी ज्यूल) घेऊन वर्षावर्षाच्या उड्या मारल्या, तर तापमान वर-खाली झोके घेत भलतीकडेच जातं, कारण हवेचा प्रतिसाद साधारण ३५ दिवसांत होतो. समुद्राचा ७० मीटरचा थर धरा, म्हणजे सुमारे २९ कोटी ज्यूल, आणि कालावधीची पायरी महिन्याची ठेवा. आकडे शांत होतील.

मग येणाऱ्या उष्णतेत ५.३५ × नैसर्गिक लॉग (आताचा कार्बन डायऑक्साइड ÷ २८०) मिळवा; २८० म्हणजे औद्योगिकीकरणापूर्वीचं प्रमाण, हवेच्या दहा लाख भागांत. प्रमाण दुप्पट केलं की तापमान १.१ अंशानं वाढेल. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालातला सर्वोत्तम अंदाज मात्र ३ अंशांचा आहे. मधला फरक बाष्प, बर्फ आणि ढग यांच्या प्रतिसादाचा; ढग त्यातले सर्वांत अवघड.

पावसाचं उत्तर : नाही. इथं अख्ख्या पृथ्वीला एकच तापमान आहे. वारा नाही, डोंगर नाही. पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करणाऱ्या मोठ्या जागतिक मॉडेलांनाही घाट जड जातो. शंभर किलोमीटरच्या चौकोनात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचं महाबळेश्वर आणि पाचशेच्या आसपास अडकणारी माण तालुक्यातली दहिवडी जवळपास एकत्रच येतात, सह्याद्रीची भिंत सपाट होते. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर चौकोन चौपट होतात आणि वेळेची पायरीही निम्मी करावी लागते, म्हणजे आकडेमोड आठपट.

पावसावरच काम करायचं असेल, तर भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांतली रोजची पर्जन्यनोंद घ्या. तोही चौकोन सुमारे २७ किलोमीटरचा असतो, तेव्हा घाटमाथ्याचे आकडे प्रत्यक्ष पर्जन्यमापकाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नका.