वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी भारतातला ऊस गोड केला, हे खरं आहे का?

तुम्ही वाचलेलं वाक्य फार तर अर्धं खरं आहे. मी फोंड्याला हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते. धारबांदोडा-सांग्याकडच्या ऊसवाल्यांची मुलं वर्गात असतात, त्यामुळे हे वाक्य माझ्याकडे येतच असतं.

गोड ऊस आणि कास हे रानगवत यांचा संकर कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी केला. त्यातून को-२०५ हा वाण १९१८ साली आला. जानकीबाई तिथे रुजू झाल्या १९३४ मध्ये! शिवाय कासाकडून उसाला मिळतो तो काटकपणा. गोडी आधीपासून होतीच.

मग त्यांनी केलं काय? गुणसूत्रं, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या रचना, मोजली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गोड उसात ती ८० असतात आणि कासात ४० पासून १२८ पर्यंत काहीही. असली दोन झाडं एकत्र आणली तर पुढची पिढी बी धरेल की वांझ निघेल, याचा अंदाज त्या मोजणीशिवाय येत नाही. उसाचा संकर इतर गवतांशीच काय, मक्याशीसुद्धा त्यांनी करून पाहिला.

मूळच्या त्या केरळातल्या तलशेरीच्या, जन्म १८९७ चा. मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. १९३१ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या इंग्लंडमध्ये होत्या. तिथे डार्लिंग्टन या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश केला, तो १९४५ मध्ये निघाला. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हेच, पण साखरेची गोष्ट सांगायला सोपी पडते.

पुढे इंग्लंडमधल्याच विझ्लीच्या बागेत त्यांनी मॅग्नोलिया या फुलझाडाच्या रोपांवर कोल्चिसिन वापरलं. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे या द्रव्यामुळे तयारच होत नाहीत. संख्या दुप्पट होऊन एकाच पेशीत राहते. त्यातल्या एका मॅग्नोलियाला त्यांचंच नाव आहे. (आपल्याकडे पावसात कुंपणावर फुलते त्या कळलावीतही हेच कोल्चिसिन असतं. मुलांना झाड दाखवा, पण हात लावू देऊ नका, जहाल विषारी आहे.)

नेहरूंच्या बोलावण्यावरून त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्याने बसवू लागल्या. पद्मश्री मिळाली १९७७ मध्ये. ऐंशीच्या घरात असताना केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात होऊ घातलेल्या धरणालाही त्यांनी विरोध केला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या गेल्या, आणि ते जंगल राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.