पहिल्या पावसात स्कूटर स्किड होते, म्हणजे नेमकं काय होतं?

दादर ते अंधेरी स्कूटरने ऑफिस, तेही ऐन जूनमध्ये सुरू होणार, आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी सरकत कशी जाते हे तुम्हाला समजून घ्यायचंय. चांगलं केलंत, आधीच विचारलंत.

ब्रेकचं काम चाक थांबवण्यापुरतं. गाडी थांबते ती टायरची रस्त्यावर पकड असते म्हणून. चाक फिरत असतं तोवर ती पकड टिकते. ब्रेक करकचून दाबला आणि चाक जाम झालं, की टायर नुसता घासत सुटतो. पुढचं चाक जाम झालं तर हँडल वळवूनही उपयोग नसतो, तोल जातो आणि गाडी आडवी होते.

मुंबईत सगळ्यात वाईट पहिली सर. ऑक्टोबरपासून रस्त्यावर साचलेलं ऑइल, धूळ, टायरचं झिजलेलं रबर भिजून वर येतं. सिग्नलच्या स्टॉप लाइनपाशी, बेस्टच्या स्टॉपसमोर, जिथे गाड्या उभ्या राहून ऑइल गळतं, तिथे पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. तिथे पोचायच्या आतच वेग उतरलेला हवा. चार दिवस धो धो कोसळला की हे बरंचसं धुऊन जातं. पण झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, मॅनहोलची झाकणं, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक आणि फ्लायओव्हरचे लोखंडी जॉइंट पावसाळाभर निसरडेच. मला विचाराल तर वळणावरचा जॉइंट सगळ्यात धोक्याचा, कारण तिथे गाडी आधीच कललेली असते. शक्य तितकी सरळ करा, ब्रेक नको, रेस नको, तशीच पार होऊ द्या.

गाडी घेताना हे कुणी नीट सांगत नाही: एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) सक्तीचं झालं, त्याखालच्यांना तेव्हा सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेली यंत्रणा) चालायचं. बहुतेक स्कूटर सीबीएसवाल्या. त्यात एका लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक जाम होण्यापासून वाचवतं ते एबीएस. त्यामुळे ब्रेक हळूहळू दाबत न्या. चाक सरकतंय असं जाणवलं तर किंचित सोडा, पाय मात्र खाली टाकू नका.

आणि आजच टायर बघा. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात, टायरच्या कडेला त्यांच्या जागी टीडब्ल्यूआय (TWI, म्हणजे टायर किती झिजला ते दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला असेल तर पाऊस लागायच्या आत बदलून घ्या.