हाताने विणलेल्या पारंपरिक लेसमध्ये रंग चालतो का? कोणते रंग घ्यावेत?

चालतो. "अस्सल लेस पांढरीच" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. मलाही सांगितलं होतं, माझ्याच रुखवतासमोर उभं राहून.

१९९६ साल. चार महिने रात्री जागून मी टेबलक्लॉथला चार बोटं रुंद क्रोशाची लेस विणली होती. डाळिंबी खांब, त्यावर हिरव्या साखळीच्या कमानी, प्रत्येक कमानीच्या टोकाला पिवळा ठिपका. लग्नाच्या सकाळी हॉलवर मांडणी चालू असताना माझ्या होणाऱ्या आतेसासूबाई आल्या, कड दोन बोटांत धरून म्हणाल्या, "लेस पांढरीच शोभते गं. हे तोरण वाटतंय." आईनं मुकाट्यानं माझा टेबलक्लॉथ उचलला आणि सामानातला विकतचा पांढरा अंथरला. माझ्या रुखवतात विकतची वस्तू! आजही सलतं.

नंतर मिळेल ते वाचून काढलं. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात कॉलर आणि मनगटांना लागायची ती लेस लिननच्या धाग्याची. ती क्षारात उकळायची, उन्हात पांढरी करायची. त्या धुण्यात तेव्हाचे बहुतेक रंग टिकत नसत. म्हणजे पांढऱ्याचं मूळ धुलाईत आहे, सोवळ्यात नाही. त्याच काळात सोन्याचांदीच्या तारेची लेसही होती. फ्रान्समधली शांतिई लेस गाजली ती काळ्या रेशमाची. आणि तुर्कस्तानात बायका डोक्यावरच्या रुमालाच्या कडेला सुईनं 'ओया' विणतात, ती तर रंगांतूनच बोलते. लाल मिरच्यांची ओया बांधली की नवऱ्याशी बिनसलंय असं समजायचं. ही परंपरा नाही तर काय आहे?

रंगांचं म्हणाल तर कापडातलाच एक उचला, एक त्याला उठाव देणारा घ्या, तिसऱ्याच्या पुढे जाऊ नका. लेस म्हणजे जाळी. दर ओळीला रंग बदलला की डोळा रंगातच अडकतो, जाळी दिसतच नाही.

एक मात्र खरं सांगायला हवं. पहिल्याच धुण्यात माझ्या डाळिंबीचा रंग सुटला, कापडावर गुलाबी ओघळ आले. आतेसासूबाईंना कळलं तेव्हा त्या "बघ" एवढंच म्हणाल्या. पण दोष दोऱ्याचा होता, मी सुटी स्वस्त लडी घेतली होती. म्हणून विणायला बसण्याआधी वीतभर दोरा भिजवा, पांढऱ्या सुती फडक्यात ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो दोरा घेऊ नका. गडद लाल आणि काळ्याला तर ही परीक्षा हवीच. जुन्या काळी लोखंड घालून केलेल्या काळ्या रंगानं धागाच कुजायचा.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न आहे. तिच्या रुखवतासाठी तीच डाळिंबी-हिरवी लेस विणतेय, पक्क्या रंगाच्या दोऱ्याची, दोनदा धुऊन पाहिलेली. आतेसासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची खुर्ची मी रुखवतासमोरच ठेवणार आहे.